तिसऱ्या मजल्यावरची टॉकीज

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर माझं सध्याचं फेव्हरिट थिएटर आहे. सीट्स सहा, त्यातल्या दोन गाद्या. इंटरव्हलला भेळ. मालक माझा मित्र, सॉफ्टवेअरवाला. भाडं भरून उरलेला पगार त्याने प्रोजेक्टरवर उडवलाय.

पडदा आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच. म्हणजे आपल्या टीव्हीचाच १६:९ आकार. लोच्या इथेच आहे. सगळे सिनेमे या मापाचे नसतातच मुळी! ‘कागज के फूल’ (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप, चांगलाच लांबट. तो लावला की वर आणि खाली साडेसहा-साडेसहा इंच पडदा रिकामा. ‘पथेर पांचाली’ (१९५५) लावा, तर डावी-उजवीकडे अकरा-अकरा इंच.

रिकामा म्हणजे काळा, असं वाटतं ना? छे! प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. काळा म्हणजे उजेड नसणं, आणि लेन्समधून थोडा उजेड गळतोच. मग त्या पट्ट्या दिसतात राखाडी, मळकट. ‘कागज के फूल’मधला तो अंधारा स्टुडिओ आणि व्ही. के. मूर्तींचा तो प्रकाशाचा झोत आठवा. त्याच्या वर-खाली असली धुरकट पट्टी म्हणजे सगळाच विचका.

हे आम्हाला कळलं मित्राच्या बाबांमुळे. काका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ती टॉकीज बंद पडून आता तिथे खताचं गोडाऊन आहे. बापलेकांचं फारसं बोलणं नसतं. काका पहिल्यांदाच आले, दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “मास्किंग कुठाय रे? उघडा पडदा ठेवून कोण पिक्चर दाखवतं?”

दुसऱ्या दिवशी आमची वरात रविवार पेठेत. साडेतीन मीटर काळं वेलवेट (वेलवेटच घ्या, सॅटिन चमकतं), मग सनबोर्डच्या चार पट्ट्या. दोन आडव्या, दोन उभ्या. मित्राने हौसेने लोहचुंबक आणले, पण फ्रेम निघाली अॅल्युमिनियमची. एकही चिकटेना! भिंतीला खिळा मारला तर डिपॉझिट गेलंच. शेवटी वेल्क्रो. बापलेक जमिनीवर बसून दोन तास कापड ताणत होते, आणि मधेमधे चक्क गप्पा मारत होते.

सगळ्या सिनेमांना हा फंडा लागू नाही. ‘द डार्क नाइट’च्या ब्लू-रेवर चित्र मधेच उंच होतं आणि परत आखूड. तेव्हा पट्ट्या काढून ठेवायच्या, दुसरा इलाज नाही.

गेल्या शनिवारी पुन्हा ‘कागज के फूल’. लाइट ऑफ करणार, तेवढ्यात काका उठले आणि खालच्या पट्टीवरून हात फिरवला. वेलवेटची लव उलटी! वरच्या पट्टीपेक्षा ती फिकी दिसत होती. अख्खं कापड काढून परत लावायला लावलं. पिक्चर पाऊण तास उशिरा सुरू झाला. भेळ तोवर पार मऊ पडली होती.