कप, कावळा आणि भाचीचे फोन

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या सीझनमध्ये डेनेरिससमोर चक्क कॉफीचा कप दिसला. लगेच भाचीचा फोन! "मामा, पाहिलास का कप? एवढा पैसा ओतून हे?" तिचा नुसता संताप.

मला मात्र हसूच आलं. कप काय, पुसता येतो. एचबीओने तो पुसलाही. माझं दुखणं वेगळं होतं. पहिल्या सीझनमध्ये राजाला किंग्ज लँडिंगहून विंटरफेलला यायला महिना लागला होता. आणि सातव्यात, २०१७ साली, भिंतीवरून निरोप घेऊन कावळा ड्रॅगनस्टोनला काय जातो, डेनेरिस वेळेवर हजर काय होते!

"मामा, तुला ड्रॅगन चालतो, कावळ्याचा वेग चालत नाही?"

नाही चालत! ड्रॅगन आपण आधीच मान्य केलाय. आजीच्या गोष्टीतला कोल्हा बोलायचा, ते चालायचं. पण कालची सात दिवसांची वाट आज दोन दिवसांत संपली, की आपण आजीला अडवायचोच ना? शिवाय वाटेतच तर माणसं उलगडायची. जेमी आणि ब्रिएनचं नातं रस्त्यावरच जुळलं. आधी सीझनला दहा भाग, मग सात, शेवटी सहा. मुक्कामाला पोचायची घाई झाली आणि वाटच हरवली.

असो. मालिका संपली, तसे भाचीचे फोनही कमी झाले. भांडायला विषयच उरला नाही. परवा मीच फोन केला. म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून बघायची का? आठवड्याला एकच भाग.

"चालेल," म्हणाली.

एकूण ७३ भाग आहेत. म्हणजे तेवढे फोन तर नक्की!