आधी कान, मग रिग

रिस्ट्रिक्टेड लायसन्सवर समाधान मानत होतो, तेव्हा मोर्सचा विषय निघाला की मी तावातावाने बोलायचो. आपल्याकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या लायसन्सच्या दोन श्रेणी. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही आणि कॉलसाइन ‘व्हीयू ३’ने सुरू होते. ‘व्हीयू २’, म्हणजे जनरल ग्रेड हवी असेल, तर मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावा लागतो. ही अट ठेवायची की नाही, हे २००३ पासून ज्या त्या देशावर सोडलेलं आहे, अमेरिकेने तर २००७ मध्ये ती काढूनच टाकली. मग हे जोखड आपणच का वाहायचं, असं माझं म्हणणं. शिवाय जनरल मिळवून करायचं काय? जपानी रिग, म्हणजे रेडिओ संच, नोकरदाराच्या आवाक्याबाहेर. पैसे जमले की बघू, असं म्हणत मी स्वस्तातला चिनी हँडसेट घेऊन पुण्याच्या वेताळ टेकडीवर चढायचो. तिथून शहरभर बोलता यायचं, तेवढं पुरे वाटायचं.

आज यातलं जवळजवळ काहीच मला पटत नाही.

सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ हॅमकाकांनी मला त्यांच्या टेबलावरचा उघडा बोर्ड दाखवला. कॉइल गुंडाळलेली होती नळाच्या नायलॉनच्या वायसरवर! हैदराबादच्या अशर फरहान यांचा हा ‘बिटेक्स’ रेडिओ संच. फेराइटच्या रिंगा तेव्हा आपल्याकडे सहजी मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी वायसर वापरले आणि संपूर्ण आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. मी किमती विचारायला लागलो, तसे काका म्हणाले, “रिग राहू दे रे. आधी कान तयार कर.”

मग त्यांनी जे समजावलं, त्याने माझा हिशेबच उलटा झाला. बोलण्याचा सिग्नल सुमारे अडीच किलोहर्ट्झ जागा घेतो, मोर्सला दीड-दोनशे हर्ट्झ पुरतात. त्यामुळे रिसीव्हरचा फिल्टर अडीचशे हर्ट्झपर्यंत अरुंद ठेवता येतो आणि गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो. जिथे पोचायला आवाजाला पन्नास वॅट लागतील, तिथे मोर्स पाच वॅटमध्ये पोचतो. ट्रान्समीटरही साधा: एक क्रिस्टल, दोन-तीन ट्रान्झिस्टर, शेवटी फिल्टर. म्हणजे ज्या अटीला मी गरिबाच्या वाटेतला धोंडा म्हणत होतो, तीच सर्वांत स्वस्त वाट होती.

सरावाच्या सुरासाठी तपकीर गल्लीतून ५५५ आयसी, छोटा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी आणली. मोर्सची की (बटण) घरीच केली. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा लाकडी पट्टीवर एका टोकाला आवळला आणि दुसऱ्या टोकाखाली पितळी स्क्रू बसवला. ब्लेडवरचा रंग खरवडला नाही तर संपर्क होत नाही. फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवली की हात बसतो. अक्षरं मात्र कागदावर टिंबं-रेघा मांडून पाठ करू नयेत. ‘के’ म्हणजे ‘डा-डी-डा’ असा आवाजच कानात बसला पाहिजे. मोजत बसलं की पुढचं अक्षर निसटतं.

जनरलची परीक्षा पास झाल्यावर अँटेनासाठी साधी वायरिंगची वायर घेतली. सात मेगाहर्ट्झसाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, मध्य बांबूवर, टोकं गच्चीच्या कठड्याला. हीच वायर एकवीस मेगाहर्ट्झवरही चालते. तिथे पाच वॅटवर जपानमधल्या एका स्टेशनने माझी कॉलसाइन परत पाठवली. आपलीच अक्षरं त्या किणकिणत्या सुरात परत येताना ऐकणं काय असतं, ते हँडसेटवर कधी कळलं नव्हतं.

आणि पुण्यात राहून साधनं तोकडी असल्याची सबब मला आता देववत नाही. इथल्याच सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ला पीएसएलव्हीवरून वर गेला, तोही हॅम मंडळींचे निरोप पोचवण्यासाठी. हॅम लायसन्सची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. त्या वयाच्या मुलाला रिगसाठी थांबायला कुणी सांगू नये.

आठ शब्दांची अट राहावी, असं आता माझं मत आहे. ती नसती तर मी कधीच मोर्सकडे वळलो नसतो. फक्त ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांची परीक्षा दिव्याच्या उघडझापीवर घ्यावी. जहाजांवरचे सिग्नलवाले पिढ्यान्‌पिढ्या मोर्स डोळ्यांनीच वाचत आले आहेत.