नारिंगी पट्ट्यांचा खलाशी

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशुपक्षी आदामापुढे आणतो आणि तो त्यांना कोणती नावे देतो ते पाहतो. नाव देण्यापूर्वी आदामाने प्रत्येकाला नीट न्याहाळले असणार. वसईजवळच्या तुंगारेश्वरच्या रानातील एका लहानशा फुलपाखराने मला हे नव्याने शिकवले.

पंखविस्तार जेमतेम पाच सेंटिमीटर. काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे. नारिंगी-काळी फुलपाखरे आपल्याकडे पुष्कळ. परंतु रुईच्या पानांवर वाढणारा ‘प्लेन टायगर’ आकाराने मोठा व मोकळ्या माळावर रमणारा. ‘टॉनी कोस्टर’च्या नारिंगी पंखांवर काळे ठिपके. याच्या अंगावर मात्र पट्टेच. शिवाय उडण्याची तऱ्हा निराळी. दोन-तीनदा पंख हलवायचे आणि मग ते पसरून, शिडाच्या होडीसारखे, झाडांच्या सावलीतून तरंगत जायचे. इतक्या खुणा पटल्या की तो ‘लास्कर’ हे निश्चित. त्याची अळी शिरीष, शिकेकाई अशा झाडावेलींवर वाढते. पर्णिका कुरतडून वाळवते आणि त्या वाळक्या पानांतच दडून राहते.

याच चालीने उडणाऱ्या, पण पांढऱ्या पट्ट्यांच्या फुलपाखरांना इंग्रजीत ‘सेलर’ म्हणतात. नारिंगी पट्ट्यांचा तो ‘लास्कर’. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवर राबणारा हिंदी खलाशी. सागर तोच, वादळ तेच. पण गोऱ्या खलाशाहून याचा पगार कितीतरी कमी आणि निजायची जागाही तोकडी. मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर लाभली नाही, अशा 2000 हून अधिक खलाशांचे स्मारक आहे.

गोव्यातील कित्येक ख्रिस्ती घरांची चूल बोटीवरच्या नोकरीवर पेटत असे. माझे आजोबाही बोटीवर आचारी होते. दाखल्यावर कुणा कारकुनाने त्यांचे नाव चुकवले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या चुकीच्या नावाला ओ दिली. घरी आल्यावर आजी त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारी, तेव्हा त्यांचा चेहरा उजळे, असे आई सांगत असे.

म्हणून मी नातवंडांना सांगतो, फुलपाखरू दिसले की घाईने नाव ठेवू नका. आधी थांबा, पंख पाहा, चाल पाहा, ते कोणत्या झाडावर बसते ते पाहा. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो, असे शुभवर्तमानात आहे. दुसऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे हीदेखील प्रीतीच आहे; मग तो रानातला लास्कर असो की बोटीवरचा.