टपावरची चार पोरं

सार्वजनिक संडासात एक मुलगी शिरते. केस कापते, छातीवर पट्टी आवळते, डोक्यावर टोपी चढवते आणि एक गोळी गिळते. बाहेर पडते ती मुलगा होऊन. गोळी गर्भनिरोधक आहे. म्हणजे हे सोंग कधीतरी उघडं पडणार, हे साराने घर सोडण्याआधीच गृहीत धरलंय. मध्य अमेरिकेतून उत्तरेकडे निघणाऱ्या कितीतरी बायका खरोखरच अशी तयारी करून निघतात. 'ला हाउला दे ओरो' (सोन्याचा पिंजरा) हा २०१३ चा मेक्सिकन चित्रपट त्यावर एका शब्दाचं भाष्य करत नाही.

सारा, हुआन आणि कचराडेपोवर भंगार वेचणारा सॅम्युएल ग्वातेमालातून निघतात. वाटेत चाऊक जोडला जातो. तो त्सोत्सिल बोलणारा आदिवासी मुलगा, त्याला स्पॅनिश येत नाही. पुढचा रस्ता मालगाडीच्या टपावरून. टपावरची पोरं मुंबईकराने पाहिलेली असतात, पण इथे प्रवास स्टेशनांत नाही, दिवसांत मोजायचा. या गाड्यांचं लोकांनी ठेवलेलं नाव 'ला बेस्तिया', म्हणजे जनावर. झोप लागली, हात सुटला, की ते पाय तोडतं. याच रुळांवर वेराक्रूस राज्यात ला पात्रोना नावाचं गाव आहे. तिथल्या बायका १९९५ पासून रुळांलगत उभ्या राहून धावत्या गाडीवरच्यांना भात, घेवडा, पाणी देतात. पाण्याच्या दोन-दोन बाटल्या दोरीने बांधलेल्या, म्हणजे वरच्याला झटकन पकडता येतात.

दिग्दर्शक दिएगो केमादा-दिएस यांनी केन लोच यांच्या चित्रपटांत कॅमेऱ्यामागे काम केलेलं. लोच यांच्यासारखंच त्यांनी नवखी मुलं घेतली आणि कथेच्या क्रमाने चित्रीकरण केलं.

सॅम्युएल एकदा पकडून माघारी धाडल्यावर पुन्हा निघतच नाही. साराला बंदूकवाले उचलून नेतात. तिचं पुढे काय झालं, चित्रपट सांगत नाही. प्रेक्षक खुर्चीत चुळबुळत राहतो, आता दिसेल, मग दिसेल. दिसत नाही. हा कठोरपणा वाटेल खरा, पण हुआनलाही ते कळलेलं नाही. मग प्रेक्षकाला वेगळी सवलत कशाला? चाऊकच्या बोलण्याखाली उपशीर्षकंही नाहीत. 'ताइव' म्हणजे बर्फ, हे साराला उमगतं तेव्हाच प्रेक्षकालाही.

२०१३ मध्येच मुंबईच्या चित्रपट महोत्सवाने या चित्रपटाला आपला सर्वोच्च 'गोल्डन गेटवे' पुरस्कार दिला.

अमेरिकेची सीमा ओलांडल्यावर चाऊक दुरून आलेल्या एका गोळीने कोसळतो. पोहोचतो तो एकटा हुआन, आणि तोही मांसाच्या कारखान्यात: पट्ट्यावर सुऱ्या चालवणाऱ्या कामगारांच्या पायांशी पडलेले तुकडे गोळा करायला. पाळी संपल्यावर तो रात्री बाहेर येतो, मान वर करतो. अंधारातून ताइव पडत असतं.