हुदहुद आणि गाजरगवत

सोमवारी परिपाठ संपायच्या आतच सातवीतल्या एका मुलीचे अब्बा शाळेत आले. रिक्षा फाटकाबाहेर चालूच ठेवली होती. त्यांनी मुलीचे दोन्ही हात आमच्यासमोर धरले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ, बोटांच्या बेचक्यात पाणी भरलेले फोड. "बच्ची कू पढने भेजे थे सर, घास उपाडने नै!" एवढंच बोलले. आम्ही तिघे शिक्षक एकमेकांकडे बघत राहिलो. बोलण्यासारखं काही नव्हतंच. शनिवारी चाळीस मुलांना उद्यानात नेऊन उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावणारे आम्हीच होतो.

आमची शाळा पुण्याच्या पूर्व भागातली, उर्दू माध्यमाची. मुलांची घरं दहा बाय दहाची, खेळायला गल्ली आणि गल्लीत दुचाक्यांची रांग. शाळेपासून दहा मिनिटांवर सार्वजनिक उद्यान आहे. पण आमच्या निम्म्या मुलांनी ते आतून पाहिलेलं नव्हतं. कुणी अडवलं होतं असं नाही. एक मुलगा सहज बोलून गेला, "वो अपना नै ना सर." कुणाचं आहे, हे मात्र त्याला सांगता येईना.

१ जुलै २०१६ हा राज्यभर दोन कोटी झाडं लावायचा दिवस होता. उद्यानाच्या मागच्या कोपऱ्यात आमच्या वाट्याला चाळीस रोपं आली. करंज, बहावा, जांभूळ. पाहुणे आले, फोटो निघाले, मुलांना पेढे मिळाले. ऑगस्टच्या शेवटी आम्ही बघायला गेलो तेव्हा रोपं शोधावी लागली. सगळीकडे कमरेएवढं गाजरगवत, वर पांढऱ्या फुलांचा सडा. आम्हाला चेव आला. मुलांनाही आला. दोन तासांत कोपरा मोकळा केला आणि खूश होऊन परतलो.

हे गवत काय चीज आहे ते आम्ही नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. आपल्या देशात त्याची पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातच, १९५५-५६च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं, आजूबाजूला दुसरं काही वाढू देत नाही आणि अंगाला लागलं की कित्येकांना पुरळ उठतं, दमाही होतो. ते उपटायचं ते फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, मुळासकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. आम्ही यातली एकही गोष्ट पाळली नव्हती. विज्ञान शिकवणारा माणूस आमच्या तिघांत होता, हे लिहायला लाज वाटते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. अब्बांनी चहा दिला, माफीवर काही बोलले नाहीत. तिच्या अम्मी पडद्याआडून म्हणाल्या, "डॉक्टर का सब मिलाके साडेचारसौ हुवा." आम्ही दिले. त्यांनी घेतले. तेच बरं झालं. ती मुलगी वर्षभर उद्यानात आली नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

पुढच्या वर्षी हातमोजे घेतले, पालकांची लेखी संमती घेतली आणि उद्यानाच्या कचेरीचं पत्र खिशात ठेवायला सुरुवात केली. पत्राची गरज होती. सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "तुमच्या मुलांना इथं कुणी पाठवलं?" डोक्यावर टोप्या आणि ओढण्या घेतलेली तीस-चाळीस मुलं, हातात खुरपी. आम्ही पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. ते आजही आमच्याशी बोलत नाहीत. वाट मात्र सोडतात.

उपटलेल्या जागी काही पेरलं नाही तर गाजरगवत पुन्हा येतं. त्यावर टाकळा हा जुना उपाय. पावसाच्या तोंडावर त्याचं बी फेकायचं, तो दाट उगवतो आणि गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. आम्ही पेरला. जुलैत कोवळा पाला आला तेव्हा मुलांच्या घरून पिशव्या आल्या. मूळच्या कोकणातल्या एका आजीने निरोप पाठवला की कांदा नि ओलं खोबरं घालून करा, तुम्हा घाटावरच्यांना टाकळा येत नाही. पालापाचोळा जाळणाऱ्या माळीकाकांना खड्ड्यात खत करायला राजी करायला मात्र दीड वर्ष लागलं.

हिवाळ्यात एका शनिवारी मोकळ्या केलेल्या जमिनीवर एक पक्षी चोच खुपसत चालत होता. डोक्यावर तुरा, पंखांवर काळेपांढरे पट्टे. एका मुलीने आमची बाही धरली. "सर, हुदहुद?" मदरशात सूरह नम्ल शिकताना सुलेमान अलैहिस्सलामांचा निरोप आणणारा हुदहुद तिला ठाऊक होता. तो पुण्यात राहतो, किडे खातो, भिंतीच्या भोकात घरटं करतो, हे तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. चाळीस मुलं पाच मिनिटं गप्प बसली. वर्गात हे आम्हाला कधी जमलेलं नाही.

त्या दिवशी दोन पोरांच्या खिशात बेचकी सापडली. रागावण्याऐवजी आम्ही त्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला, आईबाप लहानपणीच गमावलेला, मामाकडे वाढलेला मुलगा. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कुठली चिमणी हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला आणि पुढे सगळा जन्म पक्ष्यांमागे फिरला. गोष्ट संपल्यावर एका बेचकीवाल्याने विचारलं, "सर, वो अपनेवाले थे?" आमच्यातल्या एकाने पटकन "हां" म्हटलं. मुलाचा चेहरा असा काही फुलला की पुढे बोलवेना. शिक्षकखोलीत आम्ही यावरून बराच वेळ भांडलो. एकाचं म्हणणं, असं उत्तर देऊन आपण पक्ष्यांनाही जातीत वाटलं. दुसऱ्याचं म्हणणं, या पोराने स्वतःच्या वस्तीतलं नाव अभिमानाने किती वेळा ऐकलंय? भांडण अजून मिटलेलं नाही.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिलमध्ये उद्यानाला पाणी कमी पडलं की पहिली पाळी आमच्या कोपऱ्याची. जवळच्या मशिदीत वजूचं पाणी दिवसातून पाच वेळा गटारात जात होतं. विश्वस्तांपैकी एकांनी शंका काढली, वापरलेलं पाणी झाडाला चालतं का? इमामसाहेब म्हणाले, त्या पाण्याने पुन्हा वजू होत नाही, झाडाला काय हरकत? माणसाने लावलेल्या झाडाचं पाखराने खाल्लं तरी तो सदका होतो, ही हदीस त्यांनी पुढच्या जुम्याला सांगितली. नळाची दिशा फिरवून पिंपात पाणी साठवलं. ते न्यायचं कसं, यावर अडलो असताना त्या मुलीचे अब्बा एका संध्याकाळी मशिदीपाशी रिक्षा घेऊन उभे दिसले. "चार कॅन मावते. पेट्रोल तुमचं," म्हणाले. मुलगी मागच्या सीटवर होती, पूर्ण बाह्यांत.

तीन उन्हाळे असे काढले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली, उद्यानाला कुलूप लागलं, मशीदही बंद झाली. वजूचं पाणीच राहिलं नाही. मुलं फोनवर विचारत, सर, जांभळाचं काय झालं असेल?

कुलूप निघाल्यावर आम्ही मोजलं. चाळीसपैकी तेरा उभी होती. बहुतेक करंज, तीन बहावे, एक जांभूळ. भिंतीशी गाजरगवत पुन्हा गुडघ्याएवढं झालं होतं, अजून फुलं धरली नव्हती. तोवर दहावीचं वर्ष संपवून बाहेर पडलेली ती मुलगी फाटकाशी उभी राहून सहावीच्या पोरांना हातमोजे वाटत होती आणि बाह्या खाली न ओढणाऱ्याला आत सोडत नव्हती.