पुढची स्लाइड

नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत हिमालय घरोघरी पोचला तो स्लाइड-शोंमुळे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ अशा संस्थांमुळे व्याख्यानांची सवय लोकांना होतीच. त्यात मुलुंडला चक्रम हायकर्ससारख्या मंडळींनी डोंगरांचं वेड लावलं होतं. एखादी मोहीम परतली, की शाळेच्या हॉलमध्ये पांढरा पडदा लागायचा आणि खुर्च्या कमी पडायच्या.

मागच्या टेबलावर कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर. त्याच्या गोल ट्रेमध्ये 80 स्लाइड, प्रत्येक उलटी खोचलेली. रोल 36 फोटोंचा आणि धुण्याचा खर्च वेगळा, त्यामुळे पडद्यावर येणारा प्रत्येक फोटो निवडून आलेला असे. वक्ता पडद्यापाशी, आणि मागे प्रोजेक्टरजवळ आमच्यापैकी एक जण. अंधारात आवाज यायचा, ‘पुढची.’ खट्. दोन-तीन कार्यक्रम झाले की ‘पुढची’ म्हणायची गरज उरत नसे. वक्ता कुठे श्वास घेतो, कोणत्या शिखरापाशी रेंगाळतो, हे मागच्याला कळायचं. मी भूगोल शिकलो तो तिथे उभं राहून.

कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं 2004 मध्ये थांबवलं. तोवर आमच्याकडे लॅपटॉप येऊ लागले होते, आणि त्यांच्याबरोबर निळ्या टोकाची व्हीजीए केबल. आयबीएमने 1987 मध्ये आणलेली ही जोडणी, 15 पिनांची, दोन्ही बाजूंना हाताने आवळायचे स्क्रू. वाकडी पिन चिमट्याने सरळ करायला मी त्या काळात शिकलो. पडदा पिवळा दिसला तर निळ्या रंगाची पिन लागलेली नाही, गुलाबी-जांभळा दिसला तर हिरव्याची. लॅपटॉपला ‘बाहेर बघ’ हे सांगायची तऱ्हाही प्रत्येक कंपनीची निराळी. एफएन दाबून डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ8, थिंकपॅडवर एफ7, एचपीवर एफ4. विंडोज 7 आलं 2009 मध्ये, आणि विंडोज-पी सगळीकडे चालू लागलं, तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं!

फाइल पेनड्राइव्हवर आणून हॉलच्या कॉम्प्युटरवर का नाही लावायची? कारण मराठी. श्री-लिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेलं सादरीकरण दुसऱ्या मशीनवर उघडलं, की हरिश्चंद्रगडाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. म्हणून मराठी वक्ता स्वतःचा लॅपटॉप घेऊनच लोकलने यायचा, आणि तो जोडून देणारं कुणीतरी लागायचंच. युनिकोड रुळल्यावर ही अडचण सुटली. मराठीसाठी ती फार मोठी गोष्ट झाली, आणि मला तिचा मनापासून आनंद आहे.

आता छताला टांगलेला प्रोजेक्टर, भिंतीतून आलेली एचडीएमआय केबल, टाइप-सीचं एक छोटं अडॅप्टर. वायरलेस असेल तर तेवढंही नाही. चित्र आपोआप जमतं. इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो या कंपन्यांनी 2010 च्या डिसेंबरमध्येच व्हीजीए निरोपाला काढल्याचं जाहीर केलं होतं. आमच्या हॉलमध्ये ती आणखी काही वर्षं तग धरून होती. चित्रं आज कितीतरी स्वच्छ आहेत, वक्ताही मोकळा झाला. क्लिकर त्याच्या हातात, फोटो हवे तितके.

पण मागचं टेबल गेलं. त्या टेबलापाशी उभी राहिलेली मुलं पुढे स्वतः सह्याद्रीत फिरली, काही जण हिमालयात गेले, काही जण व्याख्यानं देऊ लागले. वक्त्याच्या इतक्या जवळ, हातात काम असलेली आणि तरीही पूर्ण कान देऊन ऐकणारी जागा हॉलमध्ये दुसरी नव्हती. म्हणून माझं कार्यक्रम ठरवणाऱ्यांना सांगणं असतं, क्लिकर असू दे, पण लॅपटॉपपाशी आठवी-नववीतलं एखादं मूल बसवा. वक्त्याशी त्याची आधी ओळख करून द्या, फोटोंचा क्रम त्याला दाखवा. मध्यंतरात त्याचे प्रश्न सुरू होतात, आणि ते प्रेक्षकांच्या प्रश्नांपेक्षा बहुतेक वेळा चांगले असतात.