बिगर-टर्बो गाडी आणि चाळीस हजार रुपये

आमच्या विंगेत गाड्यांवर बोलणारे सगळेच, गाडी असणारे दोघं, आणि गाडीत घालायला हातात पैसे असलेला यंदा मी एकटाच. त्यामुळे इंटर्नशिपचे चाळीस हजार खात्यात जमा झाल्याची बातमी मेसमधली आमटी वाढेपर्यंत सगळ्या हॉस्टेलला कळली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला.

गाडी म्हणजे २००८ ची स्विफ्ट पेट्रोल. मामाने वापरून आम्हाला दिलेली. १२९८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, नवी असताना ८७ बीएचपी. टर्बो नाही. नावाला ती माझी, पण सोमवार ते शुक्रवार ती ताईकडे असते. ताई चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनेकडच्या एका शाळेत शिकवायला जाते आणि संध्याकाळी तोच घाट उतरते. पावसाळ्यात हे काय प्रकरण असतं ते कोकणातल्या मुलांना सांगायला नको. शनिवार-रविवार मी घरी गेलो, की मग गाडी माझी.

पश्या (माझा रूम पार्टनर, मेकॅनिकललाच) याने सबमिशनच्या फाईलमधलं कोरं पान फाडून यादी केली. कोन फिल्टर, हेडर, फ्री-फ्लो सायलेन्सर, ईसीयू रिमॅप, इरिडियम प्लग, आणि वर कायम शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. बेरीज चाळीसच्या थोडी वर गेली. "उरलेले मी घालतो," म्हणाला. पश्याकडे मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, हे इथे नोंदवून ठेवतो.

मी त्याच पानाच्या मागे हिशोब मांडला. तो थर्मोच्या पहिल्या दोन युनिटचाच आहे, घाबरू नका. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा आत घेतं. म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३९०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरू. झाले ३३०० लिटर. आपल्याकडच्या उकाड्यात या हवेचं वजन पावणेचार किलोच्या आसपास. फुल थ्रॉटलला तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरलं तर मिनिटाला २९० ग्रॅम पेट्रोल जळतं. त्यातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी तीस टक्के क्रँकपर्यंत पोचते आणि उत्तर येतं ६५ किलोवॅट. म्हणजे ८७ बीएचपी. कंपनीचा आकडा मिळाला तेव्हा खरं सांगतो, व्हायवात पास झाल्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

सगळी गोम या हिशोबात आहे. पेट्रोल पाहिजे तेवढं ओतता येईल, पण हवा वातावरण देईल तेवढीच. टर्बोवाल्याचं वेगळं असतं. त्याच्याकडे हवा कोंबणारा पंप आहे. रिमॅप करून बूस्ट वाढवला की त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते आणि ताकद वीस-पंचवीस टक्के वाढू शकते. आमच्या स्विफ्टमध्ये रिमॅप करणारा फार तर इग्निशन थोडं पुढे सरकवेल आणि मिक्श्चर सुधारेल. हाती लागणार तीन-चार टक्के. टर्बोच्या गाडीचे आकडे सांगून बिगर-टर्बोवाल्याच्या गळ्यात रिमॅप मारणं हा एक धंदाच झालाय.

कोन फिल्टरची गंमत त्याहून मोठी. स्वच्छ कागदी फिल्टर हवेला फारसा अडवतच नाही, मग तो काढून मिळवायचं काय? उलट उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि आत ६० असेल, तर केल्व्हिनमध्ये ३०३ भागिले ३३३. नऊ टक्के हवा कमी! गाडी वेगात असताना हा फरक कमी होतो, पण घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर रखडताना तो पुरता भोवतो. आवाज मात्र झकास येतो, आणि आवाज वाढला की गाडी पळते असं माणसाला वाटतं. माझ्या मते निम्मा परफॉर्मन्स बाजार या एका वाटण्यावर उभा आहे.

हेडर ही यादीतली त्यातल्या त्यात खरी वस्तू. नळ्यांची लांबी नीट जुळली, की एका सिलिंडरचा बाहेर जाणारा झोत दुसऱ्याचा जळका वायू ओढून काढतो. पण ही जुळणी एका ठराविक आरपीएमच्या आसपासच बसते, आणि विकणाऱ्यांना लोकप्रिय असलेली वरची रेंज म्हणजे पाच-सहा हजार. ताई घाटात अडीच हजाराच्या वर सहसा जात नाही. रेसवाले बदलतात तो कॅमशाफ्टसुद्धा असाच. वरचं देतो, खालचं घेतो. शिवाय हेडरबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवायचा सल्ला फुकट मिळतो, मग पीयूसीला काय दाखवणार? मूळ बनावटीत बदल करू नये हे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं, तर पश्या थोडाच येणार?

शंभर ऑक्टेनबद्दल एकच वाक्य. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग न होऊ देण्याची क्षमता, जास्त ऊर्जा नव्हे. आणि आमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन आहे अवघं ९:१.

याच ओघात महाबळेश्वरचा हिशोब केला. उंची साधारण १३५० मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या ८५ टक्के. गारव्याने थोडी भरपाई होते, तरी ८७ चे पंचाहत्तर-शहात्तरच उरतात. यादीतलं सगळं बसवून जे मिळालं असतं, त्याहून जास्त एक ट्रिप खाऊन टाकते.

मग पैसे घातले कुठे? आधी कराडच्या एका मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन चेक केलं. तीन सिलिंडर साडेबारा-तेरा दाखवत होते आणि चौथा दहा. मिस्त्री म्हणाले, "टॅपेट टाईट आहे, पिस्टनला काही झालेलं नाही." टॅपेट सेट केले, चौथाही साडेबारावर आला. साधे प्लग, नवा कागदी फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई. मागचं एक चाक ड्रममध्ये घासत होतं, ते मोकळं केलं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मामालाही आठवेना, तोही टाकला. डिकीतला मामाच्या हौसेचा स्पीकरचा खोका काढला, तो वूफरसकट तीस किलो भरला. हजार किलोच्या गाडीत तीन टक्के. रिमॅपने दिलं असतं तेवढं, फुकटात.

आधी आणि नंतर, त्याच सपाट रस्त्यावर, पहाटे, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला लागणारा वेळ मोबाईलच्या व्हिडिओवरून काढला. दोनदा जाताना, दोनदा येताना. सरासरी ९.८ सेकंदांवरून ८.९ वर आली. वही पश्याच्याच हातात होती.

सगळ्यात मोठा खर्च टायरचा. जुन्या टायरवर नक्षी भरपूर होती म्हणून मामा खूश होता, पण बाजूवरचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर ३११५ होतं. रबर नखाने दाबलं तरी दबत नव्हतं. ब्रेकिंगचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले २μg. ताशी ८० ला μ ०.८ असेल तर ३१ मीटर, ओल्या रस्त्यावर कडक टायरने ०.५ झाला तर ५०. मधले एकोणीस मीटर म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या पाच स्विफ्ट. चार नवे टायर, अलाइनमेंट, पुढचे पॅड, मागचे लायनर. आणि ब्रेक ऑईल, ज्याची कुणीच आठवण ठेवत नाही. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की १४० च्या आसपास. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्यांना हे दोन आकडे पाठ असावेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घाटात वळणावर दरडीचे दगड आले होते, तेव्हा ताईच्या मागच्या सीटवर भाची होती. रात्री फोनवर ताई एवढंच म्हणाली, "ब्रेक बरा लागतो रे आता." इंजिनाबद्दल अवाक्षर नाही.

साडेतीन हजार उरलेत. पश्याने नवी यादी केली आहे आणि पहिलं नाव कोन फिल्टरचं आहे.